माझ्या बहिणीचा अलंकार केला त्यांनी

ये गं, जवळ ये. अशी लांबून काय बघतेस? गणपती गेले, दिवाळी गेली, संक्रांतीचं हळदीकुंकू झालं, आणि तू या घराचा उंबरा ओलांडला नाहीस. फोन केला की म्हणतेस, "मावशी, क्लास चालू आहे." क्लास काय दिवसरात्र चालतो का गं? लहानपणी ताप आला की माझ्या मांडीशिवाय झोप लागायची नाही तुला. आता मांडी तीच आहे, तूच मोठी झालीस.

रागावलेली आहेस, माहीत आहे मला. डोंबिवलीच्या त्या हॉलमध्ये मी जे केलं त्याने तुझी शाळेतली नोकरी धोक्यात आली, असं तू तुझ्या नवऱ्याला म्हणालीस, आणि त्या भोळ्या माणसाने ते जसंच्या तसं मला येऊन सांगितलं. बरं झालं सांगितलं. आता तू ऐक. सगळं ऐक, मग काय रागवायचं ते रागव. हे मी छापायला देतेय, चार लोक वाचतील, त्यांनाही कळू दे. पण सांगतेय तुला.

सुरुवात डोंबिवलीच्या हॉलपासून नाही. ठाण्याच्या हॉलपासून आहे.

तेव्हा तुझी बारावीची परीक्षा होती, म्हणून तुला नेलं नव्हतं. लोकगीतांचा कार्यक्रम होता. स्टेजच्या मागे एक खोली, भिंतीला आरसे, आरशांना पिवळे बल्ब. मी काठापदराचं लुगडं नेसून, डोक्यात अबोलीची वेणी माळून खुर्चीवर बसलेले. समोर सर. मोठे सर, लोकसाहित्यातले जाणकार, असं सगळे म्हणत होते. सर बटाटेवडा खात होते. बोटांना तेल. मधूनमधून ती बोटं ते त्यांच्या कागदांना पुसत होते, ज्यावर माझी गाणी उतरवलेली होती.

मी धवलारीण. वाचणाऱ्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. आमच्या आगरी लोकांत लग्नाला भटजी येवो न येवो, धवलारीण यायलाच लागते. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत, हळदीपासून नवरी निघेपर्यंत, प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो म्हणायचा धवलारणीने. पुस्तकात नसतो तो. माझ्या आत्याने मला शिकवला, कोपरीला, आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर. तेव्हा आमच्या लोकांची मिठागरं होती. माणसं मिठात पाय भाजून यायची आणि आत्या तुळशीपुढे बसून मला एकेक ओळ घोकून घ्यायची.

तर त्या खोलीत मी सरांना विचारलं. मला हौस फार. शाळा माझी दुसरीतच सुटली, पण पुढे पुडीचे कागद, कॅलेंडरची मागची पानं, पोराची पुस्तकं, जे हाताला लागलं ते वाचत आले. सर मघापासून कुणाशी तरी बोलताना उपमा, रूपक असं काय काय म्हणत होते. मी म्हटलं, "सर, ते तुम्ही म्हणता ना अलंकार, ते माझ्या धवल्यात कुठे कुठे आहेत, मला पण सांगा ना. मला शिकायचंय."

सरांनी वड्याचा घास गिळला. म्हणाले, "मावशी, गाईने दूध द्यावं. फॅट किती लागलं ते डेअरीवाले बघतात."

खोलीतले सगळे हसले. मीही हसले. काय करणार? मोठा माणूस काहीतरी बोलला, सगळे हसले, म्हणजे हसायचं असणार. त्यांनी मला मावशी म्हटलं होतं, तेवढ्यानेच मी खूश. तू मावशी म्हणतेस ती वेगळी. भांडी घासणाऱ्या बाईला, भाजीवालीला, लिफ्टमध्ये चुकून चढलेल्या बाईला मावशी म्हणतात ती वेगळी. तेव्हा नाही कळला मला तो फरक.

मग स्टेज.

सरांनी मला देव बोलावण्याचा धवला म्हणायला सांगितला. लग्नात सगळ्यात आधी तो असतो. गावदेवीला बोलवायचं, खाडीला बोलवायचं, शिवेवरच्या देवाला बोलवायचं, आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना. आजा, आजी, काकी, जो कुणी गेला असेल त्याला, नावाने. या, पाटावर बसा, पोरीचं लगीन आहे. याला एक नियम आहे. आत्याचे शब्द सांगते तसेच: "बोलावलेला देव दारान उभा ठेवाचा नय गो. बोलावलास तं बसव. बसवलास तं जेव घाल. मंग वाटं लाव. मधीच थांबलीस तं तो कुठं जाल?" म्हणजे हा धवला एकदा सुरू केला की निरोपापर्यंत जायचा. मांडवाला आग लागली तरी थांबायचं नाही, असं आत्या म्हणायची. एकदा खरंच लागलेली, कापडाला. लोक पाणी मारत होते आणि आत्या म्हणत होती.

मी सरांना आधीच म्हटलं होतं, की हा असा मांडवाबाहेर म्हणत नाहीत. ते म्हणाले, "अहो, कलेला कसला मांडव?" मला वाटलं, शिकलेला माणूस म्हणतोय, असेल.

मी सुरू केलं. गावदेवी आली. खाडी आली. मग माणसांची पाळी. आता तिथे कुणाचं लग्न नव्हतं, मग कुणाचं नाव घेणार? तोंडात आपोआप आपलंच आलं. "ये गो हिरू बाय, पाटाव बस गो हिरू बाय."

हिरू म्हणजे तुझी आई. माझी धाकटी बहीण. तू बालवाडीत होतीस तेव्हा काविळीने गेली.

मी तिचं नाव घेतलं, आणि सरांनी हात वर केला. असा, तळवा समोर. ट्रॅफिक पोलीस करतो तसा. "थांबा, थांबा."

मी थांबले.

उभ्या जन्मात मला धवल्यात कुणी थांबवलं नव्हतं. घसा तसाच उघडा राहिला. सर लोकांकडे वळले आणि म्हणाले, "रसिकहो, बघा. इथे गंमत बघा. ही चेतनगुणोक्ती. किती सुंदर उदाहरण आहे." समोरच्या रांगेतल्या बायकांनी माना हलवल्या. एकीने लिहून घेतलं. मला तो शब्द कळला नाही. मला एवढंच दिसत होतं, की हिरू दारात उभी आहे आणि तिला कुणी बस म्हणत नाही.

मला वाटलं, आता पुढे म्हणायला सांगतील. नाही सांगितलं. माझी बहीण आहे ती, तिला बसवू दे, म्हटलं, तर वेळ झाली म्हणाले. मग शाल, नारळ. आणि सर माईकवर बोलले. ते वाक्य मला आजही पाठ आहे, कारण ते मी पुढे कितीतरी वर्षं मिरवलं. ते म्हणाले, "आम्ही आयुष्यभर ग्रंथ वाचून डोळे फोडून घेतले. या माउलीला काही वाचावं लागलं नाही, काही समजून घ्यावं लागलं नाही. चिमणीला कुठे कळतं आपण काय गातो? पण गोड गाते. हे अज्ञान आमच्या ज्ञानापेक्षा भाग्याचं. आम्हाला हे भाग्य नाही."

हशा, टाळ्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांच्या पायाला हात लावला मी. तेलकट बोटांनी त्यांनी माझ्या डोक्यावर थापटलं.

घरी आले. तुझे काका टीव्ही बघत होते. मी मागच्या पडवीत गेले, भिंतीकडे तोंड केलं आणि राहिलेला धवला हळू आवाजात म्हणून टाकला. हिरूला बसवलं, जेवू घातलं, वाटे लावलं. काका आतून ओरडले, "कोणाचं लगीन लागलं गो?"

म्हटलं, "कोणाचं नाय. तुम्ही बघा तुमची मॅच."

तर असं ते. आणि पुढे काय, मी ते वाक्य लग्नालग्नांत सांगत फिरले. हळदीला बायका बसल्या की विषय काढायचाच. ठाण्याचे मोठे सर मला म्हणाले, माझं भाग्य त्यांच्यापेक्षा मोठं. चिमणी म्हणाले मला. बायका म्हणायच्या, "वा गो वा, नशीबवान." आमच्या गावातल्या बाईला कोण असं चांगलं म्हणतं? आमच्याकडे बघून लोक काय म्हणतात ते तुला माहीत आहे. समोरच्या टॉवरमधली बाई मला म्हणाली होती, "तुमचं बरं आहे हो, जमिनी विकल्या, सोन्यात लोळताय." माझ्या हातात तेव्हा काचेच्या बांगड्या आणि एका हातात कोलंबीची पिशवी. म्हणून सरांचं ते वाक्य मला फार मोठं वाटायचं. मी ते पदराला गाठ मारून ठेवावं तसं ठेवलं होतं.

आता रुपालीचं सांगते. माझी सून. टिटवाळ्याची पोरगी, हुशार, तलाठी भरतीचा अभ्यास करते. तिला मराठीचं व्याकरण असतं, हे जाडजूड पुस्तक. दोन्ही हात पिठात असले की ती मला म्हणते, "आई, विचारा ना." मी चष्मा लावते आणि विचारते. माझं पण शिकून होतं. खरं तर मीच जास्त शिकते, ती नुसती पाठ करते.

एक दिवस अलंकार आले. मी खूश. म्हटलं, चला, जे सरांनी सांगितलं नाही ते आता सून सांगणार.

"उपमा कशाला म्हणतात?" मी विचारलं.

"सारखं म्हटलं की उपमा. चंद्रासारखी भाकरी."

"तुझी? ही तर अतिशयोक्ती झाली."

"आई, टोमणे नको, प्रश्न विचारा." ती हसायला लागली. "आणि रूपकात सारखं नसतं, तेच असतं. सासूबाई किसणीसारख्या बोलतात, ही उपमा. आमच्या सासूबाई म्हणजे किसणीच, हे रूपक."

"असंच लिही पेपरात. तू तलाठी होशील आणि गावभर नाव माझं होईल."

अशी मजा चालली होती. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. आपण रोज तोंडाने जे बोलतो त्याला नावं आहेत. कुकर रुसलाय म्हणतो, दार कुरकुरतं म्हणतो, त्याला नाव आहे. खाडीवर भराव टाकून बिल्डिंग बांधतात आणि तिला हिरवाई म्हणतात, त्यालाही काहीतरी नाव असेल, रुपाली म्हणाली त्याला फसवणूक म्हणतात, अलंकारात येत नाही. हसून हसून भाकरी करपली.

मग दृष्टान्त आला. एखादी गोष्ट पटवायची तर तिच्याच जोडीची दुसरी गोष्ट शेजारी ठेवायची. मी वाचलं आणि माझ्या डोळ्यासमोर ती आरशांची खोली आली. गाईने दूध द्यावं. डेअरीवाले फॅट बघतात. मी चष्मा काढून पुसला. म्हटलं, असेल. मोठी माणसं दृष्टान्त देतातच.

पान उलटलं. व्याजस्तुती. मी मोठ्याने वाचलं, "वरवर स्तुती दिसते, पण आतून निंदा असते."

"त्याचं उदाहरण येतं नेहमी," रुपाली म्हणाली. "म्हणजे कसं, तुमची अक्कल काय वर्णावी, वापरून वापरून झिजेल म्हणून तुम्ही ती कधी बाहेरच काढली नाही. असं."

ती हसत होती. मी हसले नाही. मला त्या हॉलचा आवाज ऐकू आला. या माउलीला काही समजून घ्यावं लागलं नाही. हे अज्ञान भाग्याचं. आम्हाला हे भाग्य नाही. आणि लोक का हसत होते, टाळ्या का वाजवत होते, ते कळलं. मला वाटलं होतं आनंदाने हसतायत. आणि मी त्या माणसाच्या पाया पडले होते. मी ते वाक्य लग्नालग्नांत घेऊन फिरले होते, हळदीच्या बायकांना ऐकवत होते, अंगावर थुंकलेलं अत्तर म्हणून मिरवत होते.

मी पुस्तक पालथं ठेवून खिडकी उघडली. कढईत माशांचं कालवण होतं, त्याचा वास सहन होईना.

रुपालीला वाटलं पित्त झालं. म्हणाली, "आई, झोपता का जरा?"

मी म्हटलं, "पुढचं विचारते." आणि पुढचं काय होतं? चेतनगुणोक्ती. तोच शब्द. मी लगेच ओळखला. मी वाचलं. निर्जीव वस्तू सजीव आहे अशी कल्पना करून ती माणसासारखी वागते असं वर्णन केलं, की चेतनगुणोक्ती.

निर्जीव वस्तू.

मी ते परत वाचलं. बोट ठेवून वाचलं, दुसरीतल्या पोरीसारखं.

हिरू. जिच्या केसांना मी तेल लावलंय. जी मिठागरावरून आली की भेगाळलेले पाय माझ्या मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, फुंकर घाल गो ताय. जिने जाताना तुझा हात माझ्या हातात दिला. ती निर्जीव वस्तू. आणि मी तिला बोलावलं, ती कल्पना. ती गंमत. सुंदर उदाहरण.

अगं, आम्ही कल्पना करत नाही. मला हे कुणालाच समजावता येत नाही. आम्ही त्यांना बोलावतो कारण ती आमची माणसं आहेत आणि घरात लग्न आहे. तू जेवायला ये म्हणून तुला फोन करते तो काय अलंकार आहे का? त्या माणसाने धवल्यातून माझी बहीण चिमटीने उचलली, लोकांना उलटीसुलटी करून दाखवली आणि ठेवून दिली. वर मला म्हणाला, तुला कळत नाही तेच बरं.

मला अलंकारांचा राग नाही. मी ते सगळे शिकले, पाठ केले, अजून विचारते रुपालीला. गोड आहेत ते. किळस आली ती या माणसांची. कळायचं ते सगळं यांना कळणार, आम्ही फक्त द्यायचं. आमच्या तोंडातून काढायचं, आमच्याचपासून लपवून त्याला नाव द्यायचं, आणि ते नाव आम्ही विचारलं तर हसायचं. बरं, शिकलेली माणसं. यांच्या घरात पण कुणीतरी मेलं असेल. फोटोला हार घालून, आई आज तू हवी होतीस, असं म्हणत असतील. तेव्हा नाही कुणी हात वर करत.

आता तुझं. तू आलीस गणपतीच्या आधी. चहा पण प्यायली नाहीस नीट. सरांचा अमृतमहोत्सव आहे म्हणालीस, डोंबिवलीत, मोठा सत्कार. सर तुझ्या शाळेच्या मंडळावर आहेत. तुझ्या हेडबाईंनी तुला म्हटलं, तुझी मावशी तीच ना, तिला आण, सरांना आवडेल, तुझ्या ऑर्डरचं पण बघू. तू अजून कायम झाली नाहीस. दर उन्हाळ्यात धाकधूक, ठेवतात की नाही. मी म्हटलं, मी जाणार नाही. तू रडलीस. "मावशी, चार ओळी. फक्त चार ओळी. माझ्यासाठी."

तेव्हाच तुला सगळं सांगायला हवं होतं, असं म्हणशील तू. कसं सांगू? तुझ्या आईला वस्तू म्हणाला तो माणूस, त्याच्याच हातात तुझी भाकर आहे, हे तुला सांगून तुला त्या शाळेत परत पाठवू? मी गप्प बसले. आणि आले. शपथेवर सांगते, गायचं ठरवूनच आले होते. मनात म्हटलं, हळदीचं एखादं म्हणू, हिरूचं नाव नाही घ्यायचं, पोरीचं काम होऊ दे.

हॉल भरलेला. गुलाबपाण्याचा वास, नव्या साड्यांचा वास. सर मखमली खुर्चीत. मला वर बोलावलं. तू पहिल्या रांगेत हेडबाईंच्या शेजारी, मान ताठ करून. मला बघून हसलीस. तुझं ते हसू अगदी हिरूचं.

सरांनी माईक घेतला. म्हणाले, "मी आज जो काही आहे तो या अशा कामधेनूंमुळे." लोक हसले. मी गिळलं. तुझ्यासाठी गिळलं. मग म्हणाले, "आता ऐका. हे लोक मेलेल्यांना नावाने हाका मारतात, मोठी गंमत असते. मावशी, तो तुमच्या बहिणीचा तुकडा घ्या. तोच, तोच. मी हात केला की थांबा."

बहिणीचा तुकडा.

आणि तू तिथे बसलेली. तुझ्यासमोर. तुझ्याच आईचा तुकडा, आणि ठाण्याला तिचं काय केलं ते तुला ठाऊक पण नाही.

मी माईक हातात घेतला. म्हटलं, "सर, मागे ठाण्याला तुम्ही माझ्याबद्दल जे बोललात ना, ती व्याजस्तुती होती. मला आता कळलं."

मला वाटलं होतं हॉल गप्प होईल. कसला गप्प? सर मोठ्याने हसले. "वा, वा. बघा, आमच्या मावशी अलंकार सांगायला लागल्या. टाळ्या झाल्या पाहिजेत." आणि झाल्या की. कडकडून झाल्या. समोरची एक मुलगी मोबाईल धरून शेजारणीला म्हणाली, "किती क्यूट ना." माझ्या रागाला टाळ्या मिळाल्या गं. माझा राग पण कार्यक्रमात घेतला त्यांनी. तेव्हा मला समजलं, त्यांची भाषा शिकून त्यांच्याशी बोललं तरी ते ऐकत नाहीत, माकडाने चष्मा लावला म्हणून बघतात.

मग मी साधं बोलले. सजवलं नाही काही.

"मी गाणार नाही."

"का हो मावशी? घसा बसलाय?"

"घसा चांगला आहे. माझी बहीण मेली. तिचं नाव हिरा. ती गंमत नाही. तिचं नाव मी तुमच्यापुढे परत घेणार नाही, आणि तुमच्यासाठी गाणार नाही."

याला कुणी टाळी वाजवली नाही. याचं उदाहरण कुणी लिहून घेतलं नाही. निवेदिकेने माझ्या हातातून माईक काढून घेतला आणि पुढचं भावगीत जाहीर केलं. मी पायऱ्या उतरले. कुणी हात दिला नाही, मागितलाही नव्हता. सरांचा चेहरा बघितला का म्हणून विचारशील, तर नाही बघितला. मला काही घेणं नव्हतं त्या चेहऱ्याशी.

बाहेर रिक्षा स्टँडवर तू मला गाठलंस. डोळे लाल. "मावशी, तू माझं वाटोळं केलंस. चार ओळी म्हणायला काय जात होतं तुझं?" आणि दुसऱ्या रिक्षात बसून गेलीस.

माझं काय जात होतं ते आता सांगितलं. आता तुला माहीत आहे.

तर बघ. मी तुझी माफी मागायला हे लिहिलेलं नाही. मला माहीत आहे उन्हाळा जवळ आलाय आणि तुझी ऑर्डर अजून निघालेली नाही. कदाचित निघेल. कदाचित माझ्यामुळे नाही निघणार. नाही निघाली तर मी तुझ्याबरोबर त्या शाळेच्या ऑफिसात येईन, हेडबाईंच्या समोर बसेन, विचारेन की मुलीचं शिकवणं कमी पडलं की मावशीचं गाणं. उत्तर मिळेपर्यंत बसेन. वर कुठे अर्ज करायचा तर तो करू, रुपालीला सगळे नियम पाठ आहेत. पण गाऊन तुझी नोकरी वाचव म्हणशील तर नाही. पुन्हा विचारलंस तरी नाही. रडलीस तरी नाही. तू हिरूची आहेस म्हणूनच नाही.

त्यानंतर दोन जण येऊन गेले, रेकॉर्डिंग करायला. चांगली पोरं दिसत होती. मी त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं: धवला हवा तर पूर्ण ऐकायचा, सुरुवातीपासून वाटे लावेपर्यंत, जेवणवेळ झाली तर इथेच जेवायचं. मध्ये हात वर करायचा नाही. आणि तुम्हाला त्यात जे दिसेल ते आधी मला सांगायचं, मग जगाला. एक जण घड्याळ बघून निघून गेला. दुसरा बसला, अजून येतो अधूनमधून. त्याला मी विश्वासात घेईन की नाही ते मी ठरवेन. तो नाही.

तू मात्र ये. तुला कसली अट नाही. लवकर ये, या रविवारीच ये, नवऱ्याला पण आण, त्याला म्हणावं मावशीने खाडीतल्या निवट्यांचं कालवण करायचं ठरवलंय, भरतीचं पाणी उतरलं की ताज्या मिळतात. रागावलेली असशील तर रागावून ये. भांडायचं तर समोर बसून भांड. पण ये गं लवकर, आता उशीर नको करू.